तो धुरा, ती धुरा

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारची गोष्ट, आणि तशी काहीच गोष्ट नाही. मी नागपूरहून दुपारी घरी पोचले तेव्हा बाबा ओसरीत खाटेवर बसले होते, एक पाय स्टुलावर, मांडीवर आदल्या दिवशीचा पेपर आणि कानामागे पेन. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा दिवस असाच जातो, सकाळी अंगणात वॉकर घेऊन चार चकरा, मग चहा, मग पेपर, मग पेपरातलं शब्दकोडं, आणि मग ते सुटलं नाही तर पूर्ण घराला ताप. "बरं झालं आली," ते म्हणाले. मला वाटलं पायाचं काही सांगतील, गोळ्या संपल्या वगैरे, तर म्हणे "ओझं, जबाबदारी, दोन अक्षरं. म्या भारा लिवला पन खाली धुकं येऊन रायलं." उभ्या शब्दाला 'थंडीत सकाळी पसरतं' असं दिलेलं, म्हणजे धुके, त्यात भा बसणार कसा. पण बाबांनी पेनानेच लिहिलं होतं, पेन्सिल त्यांना भित्रेपणाची वाटते.

मी खांद्यावरची बॅग न काढताच म्हटलं, "धुरा." त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "धुरा?" "हो. जबाबदारी म्हणजे धुरा. घराची धुरा, पक्षाची धुरा." "ची? ती धुरा?" "हो, ती." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी 'ती बैल' म्हटलं. "पोरी, धुरा थो असते. थो धुरा. धुऱ्यावर गोटे असतात, बोरी असतात, साप असतात. जबाबदारी कोठून आली त्याच्यावर?" आई आतून म्हणाली, अहो लिहून टाका ना, कोण बक्षीस देणार आहे तुम्हाला. पण त्यांनी पेन परत कानामागे खोचलं आणि पेपरची घडी केली. ना भारा खोडला ना धुरा लिहिला. धुक्याचं 'भाके' झालं होतं ते तसंच राहिलं.

आणि मला रात्री झोप लागेना.

आता यात झोप जाण्यासारखं काय होतं, मलाही सांगता येणार नाही. बाबांशी मी जमिनीवरून भांडले आहे, लग्नावरून भांडले आहे, त्यांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावरून तर दर आठवड्याला भांडते, तेव्हा मस्त झोप लागते. पण यावेळी खाटेवर पडल्या पडल्या सारखं तेच, तो धुरा, ती धुरा. कारण त्यांचंही बरोबर होतं. गावात मी जन्मापासून अठरा वर्षं काढली आणि त्या अठरा वर्षांत धुरा हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकला असेल, एकदाही त्याचा अर्थ जबाबदारी नव्हता. दोन वावरांच्या मधली जी उंचवट्याची पट्टी असते, जिला तिकडे पुण्या-नगरकडे बांध म्हणतात, तो आमचा धुरा. गाई धुऱ्यानं चारून आण. चपला धुऱ्यावर राहिल्या. पाणी धुरा फोडून खालच्या वावरात गेलं. पण मग शाळेतल्या पुस्तकात आणि आकाशवाणीच्या बातम्यांत दुसरीच एक धुरा यायची, स्वच्छ धुतलेली, बाईमाणूस. 'देशाची धुरा' असं रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन आणि माझ्या डोळ्यासमोर एक लांबच लांब धुरा आला होता, दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळी असलेला, आणि त्याच्या टोकाला पंतप्रधान हातात काठी घेऊन उभे, दुसऱ्या देशाची ढोरं आत येऊ नयेत म्हणून. अजूनही पेपरात 'अमक्याच्या खांद्यावर धुरा' असा मथळा आला की आधी मला तो माणूस डोक्यावर मातीची पाटी घेतलेला दिसतो.

बाबांचं आणि शब्दकोड्याचं म्हणाल तर ते लफडं माझ्याहून जुनं आहे. दहावीनंतर त्यांचं शिक्षण थांबलं, आजोबा अचानक गेले आणि वावर अंगावर आलं (धुरा अंगावर आली असं ते म्हणणार नाहीत, वावर अंगावर आलं असंच म्हणतात). पेपर यायचा पहिल्या एसटीने, तो आधी पानठेल्यावर, मग पारावर, मग सोसायटीच्या सेक्रेटरीकडे आणि दुपारनंतर बाबांकडे, तोपर्यंत त्याला तेलाचे, खर्ऱ्याचे आणि चहाचे डाग. कधी कधी नेमकं कोड्याचं पान कोणीतरी भज्यासाठी फाडलेलं असायचं, त्या दिवशी घरात सगळे दबून वागायचे. उत्तरं दुसऱ्या दिवशीच्या अंकात, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दुसऱ्या दिवशीचा अंक यायचाच नाही, त्यामुळे आमच्या घरात कितीतरी शब्द आयुष्यभरासाठी अर्धवट राहिले आहेत. पण जे सुटले ते पक्के. घोड्याला वारू म्हणतात, शत्रूला अरी, पाण्याला उदक, हे मला शाळेच्या आधी बाबांनी शिकवलं, आणि डवऱ्याच्या मागे चालता चालता ते सालदाराला म्हणायचे, जाय उदक घेऊन ये बाप्पा, आणि तोही बिचारा पाणी आणायचा गुंड घेऊन निघायचा, काय करणार. हे शब्द कोड्याबाहेर कुठेच जगत नाहीत. मी तरी आजवर कोणाला बाजारात वारू विकायला आणलेला पाहिला नाही. कोडं करणाऱ्याला दोन अक्षरांची अडचण आली की तो कपाट उघडून वारू काढतो, झटकतो, बसवतो आणि परत आत ठेवतो.

हा खेळ तसा परदेशातला. आर्थर विन नावाच्या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्कच्या एका पेपरात पहिलं कोडं छापलं, ते चौकोनी नव्हतं, हिऱ्यासारखं होतं. पण आपल्याकडे आल्यावर त्याचं अंगच बदललं असं मला वाटतं. तिकडे एका घरात एक सुटं अक्षर, आपल्याकडे एका घरात काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षर सगळं बिऱ्हाड. आडवा शब्द धु मागतो तर उभ्यालाही धुच पाहिजे, ध चालत नाही, धूही खरं तर चालत नाही, म्हणजे चुलीतला दीर्घ धूर आणि वावरातला ह्रस्व धुरा एका घरात नांदू शकत नाहीत, पण कोडी करणारे बरेचदा इथे डोळा मारतात. बाबा मारू देत नाहीत. चुकीचा उकार दिसला की ते समासात लिहून ठेवतात, 'ह्रस्व पाहिजे', कोणासाठी लिहितात देव जाणे, तो पेपर शेवटी बाजरी निवडायलाच जाणार असतो.

तर त्या रात्री मी मोबाईलवर शब्दकोशाची पीडीएफ काढली. खाटेला मच्छरदाणी, बाहेर कुत्री, आणि मी आत उजेड लावून धुरा शोधतेय. मूळ संस्कृतातला धुर्, म्हणजे जू, जुवाचा तो भाग जो जनावराच्या मानेवर येतो. धुर्य म्हणजे जुंपायला योग्य असलेलं जनावर. धुरंधर म्हणजे ते जू धारण करणारा. म्हणजे निवडणुकीच्या वेळी 'राजकारणातले धुरंधर' म्हणून ज्यांचे फोटो लागतात त्यांना शब्दशः आपण बैल म्हणत असतो आणि तेही हात जोडून हसत असतात. मला त्या अंधारात एकटीलाच हसू आलं. बैलाच्या मानेवरचं ओझं आधी, माणसाच्या खांद्यावरची जबाबदारी नंतर, आणि ऑफिसातल्या सत्कार समारंभातली धुरा तर फारच नंतर. मग एकदम आठवलं, अरे, बंडीला धुर असते की. बैलबंडीचा पुढचा भाग, दोन दांड्या जिथे जवळ येऊन जुवाला भिडतात, जिथे हाकणारा बसतो. 'धुरेवर बस' असं आजोबा म्हणायचे म्हणे. मला आजोबा आठवत नाहीत पण धुरेवर बसणं आठवतं, बाबांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, खाली बैलांच्या ढुंगणांची लय, शेपटीचा एखादा फटका तोंडावर, शेणाचा आणि वंगणाचा वास, आणि पांदणीतून बंडी जाताना दोन्हीकडची तरवडाची झुडपं पायाला घासत जायची. कापूस भरलेला असला की बाबा आधी धुरेवर जोर देऊन पाहायचे. पुढे जास्त भरलं तर बैलाच्या मानेवर भार येतो, मागे जास्त भरलं तर बंडी उलार होते, बैल वर उचलले जातात, जोत गळ्याला लागतं. मधोमध भरावं लागतं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, दोनदा बंडी उलार झाल्यावर आपोआप आलं.

सकाळी चहा घेताना मी मुद्दाम विचारलं, "बाबा, बंडीची धुर तो की ती?" ते बशीत फुंकर मारत होते. "ती." "मग?" "मंग काय? थे धुर होय. धुरा नाई." विषय संपला. माणूस हरत नाही.

पण शब्द संपत नव्हता, कारण त्याच्या पोटात अजून दोन माणसं बसली होती. एक धुरकरी. आमच्याकडे शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी हाकतो त्याला धुरकरी म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी आणली होती, मग २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि तेव्हापासून तळेगाव दशासरला आणि आजूबाजूला परत पट भरू लागले, त्याचे व्हिडिओ बाबा मोठ्या आवाजात पाहतात. दोन दाणी, म्हणजे धावपट्ट्या, मधे दोन बैल उधळलेले, मागे ती लहानशी छकडी आणि तिच्यावर धुरकरी, सुतळीसारखा बारीक, अर्धा हवेत. माझे आजोबा धुरकरी होते. खरं म्हणजे पटाच्या नादात त्यांनी वावराकडे फार लक्ष दिलं नाही असं आई म्हणते, बाबा म्हणत नाहीत, ते म्हणतात "बाबाची जोडी तालुक्यात नव्हती." आणि दुसरा माणूस धुरेकरी. एका मात्रेचा फरक. धुरेकरी म्हणजे ज्याचं वावर आपल्या धुऱ्याला लागून आहे तो. शेजारी वेगळा, शेजारी घराला असतो, भांडण झालं तर माणूस दार लावून घेऊ शकतो. धुरेकऱ्यासमोर लावायला दार नसतं. रोज सकाळी तो तिथेच वाकलेला दिसतो, त्याची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तुमच्यापेक्षा हातभर उंच आहे की नाही हे तुम्हाला आणि तुमची किती आहे हे त्याला, दोघांनाही पाठ असतं.

आमचे धुरेकरी म्हणजे बाबांचे चुलत भाऊ, माझे काका. एकाच पणजोबाची जमीन, मधे एक धुरा. तो धुरा मी लहान असताना एवढा रुंद होता की त्यावरून बंडी नाही पण गाय आणि तिचं वासरू बाजूबाजूनं जात. त्यावर तीन बोरी, एक निंब, सीताफळीची दाटी आणि मधोमध एक वेडावाकडा आंबा, ज्याच्या कैऱ्या कोणाच्या यावर दरवर्षी चर्चा आणि दरवर्षी त्या माकडांच्या. निंदणाला आलेल्या बायका तिथे डबे ठेवत, निंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी आणि झोळीत कोणाचं तरी लेकरू. दुपारी सगळ्या तिथेच बसायच्या, भाकर, ठेचा, कोणाकडे आंबाडीची भाजी, आणि एकीचा कांदा बुक्कीने फुटला की त्याचा वास दोन्ही वावरांत जायचा. धुऱ्यावरचं गवत कापायलाही बायकाच. म्हणजे धुऱ्यावर खरोखर ज्यांचा दिवस जायचा त्यांच्यातल्या एकीच्याही नावाने ते वावर नव्हतं. त्या अंगाने पाहिलं तर धुरा 'ती' असायलाही हरकत नाही, पण हे मी बाबांना म्हटलं नाही. थंडीत तिथली बोरं पाडायला जाताना आई ओरडायची, पाय आपटत जा, साप राहते तिथं. मी पाय आपटत जायचे आणि बोरं खिशात भरून फ्रॉकला काटे घेऊन परत. धुऱ्याची बोरं वावरातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा गोड, कारण ती कोणी पेरलेली नसायची.

मग तो धुरा बारीक होत गेला. कोणी एका दिवसात केला नाही. वखर फिरवताना शेवटचं तास थोडं आत घ्यायचं, चार बोटं. पुढच्या वर्षी समोरच्यानेही चार बोटं. याला आमच्याकडे धुरा कोरणं म्हणतात, आणि हा शब्द ज्याने काढला त्याने पाहिलेलं असणार, कारण ते खरंच भाकरीची कड कोरून खाल्ल्यासारखं दिसतं. बैल होते तोवर तरी बैलालाच धुऱ्यावर चढायला नको असायचं. ट्रॅक्टर आला तसा त्याला काय, तो वरपर्यंत जातो. बोरी गेल्या, सीताफळी गेल्या, निंबाच्या सावलीत पीक येत नाही म्हणून निंब गेला. आणि एका वर्षी, मी नागपूरला कॉलेजात होते, काकांच्या ट्रॅक्टरवाल्याने आंब्याच्या बुडापासून खाली सगळा धुराच सपाट करून टाकला. चुकून की सांगून हे आजवर ठरलेलं नाही. बाबा काठी घेऊन गेले, काका टिकास घेऊन आले, मधे बायका पडल्या म्हणून पोलीस स्टेशनपर्यंत गेलं नाही. पण त्यानंतर अकरा वर्षं बोलणं बंद. माझ्या लग्नात काका आले नाहीत. त्यांच्या आईच्या मयतीला बाबा स्मशानापर्यंत गेले, मागे मागे चालले, आणि पाणी न पिता परत आले. पोळ्याला दोघांचे बैल एका तोरणाखाली उभे असायचे आणि हे दोघे दोन टोकांना.

शेवटी मोजणी मागवली. पैसे भरले, तारीख आली, तारीख गेली, दुसरी तारीख आली. पूर्वी साखळी टाकून मोजायचे, तेहतीस फुटांची साखळी, ती चारी बाजूंनी फिरली की एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशोब बाबांच्या बोटांवर. आता मोजणीदाराने एक काठी आणली, तिच्यावर टोपीसारखं यंत्र, आणि ते सरळ उपग्रहाशी बोलत होतं. मी त्या दिवशी मुद्दाम सुटी काढून आले होते, भांडण झालं तर सावरायला. जवळपास सहाशे फुटांचा धुरा, एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला काका, मधे तो पोरगा काठी टेकवत चाललेला आणि त्याच्या मागे चुन्याचे ठिपके. संध्याकाळपर्यंत जे निघालं ते असं की वरच्या टोकाला काका आमच्यात चार फूट आले होते आणि खालच्या टोकाला, नाल्याकडे, आम्ही त्यांच्यात तेवढेच गेलो होतो. धुरा वाकडाच होता, पणजोबांपासून. मी मनात हिशोब केला, तीनशे फूट लांब आणि निमुळता होत जाणारा तुकडा, अर्ध्या गुंठ्याच्या आसपास. इकडून अर्धा, तिकडून अर्धा.

कोणीच काही बोललं नाही. चुना वाऱ्याने उडत होता.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. मला वाटलं होतं की आपण अगदीच चुकीचे नव्हतो एवढं तरी समाधान त्यांना वाटेल, पण मला वाटतं त्यांना पूर्ण चुकीचं ठरलेलं चाललं असतं किंवा पूर्ण बरोबर. हे अर्धं अर्धं त्यांना पचलं नाही. तलाठ्याने नंतर सांगितलं, २०२३ पासून सरकारची सलोखा योजना आहे, बारा वर्षं एकमेकांची जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी अदलाबदल करून घ्यायची, हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार नोंदणी. बाबा म्हणाले, "दोन हजारात भांडन मिटवते म्हंता? भांडन फुकटात झालं होतं." पण बोलणं सुरू झालं, कसं ते कळलं नाही. आधी रानडुकरांवरून झालं असावं. डुकरं आणि रोही (नीलगायी) दोघांच्याही वावरात सारखेच घुसतात, त्यांना मोजणीच्या नकाशाची क-प्रत दाखवता येत नाही. दोघांनी मिळून कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी झटका मशीन घेतली, तार मात्र चुन्याच्या रेघेवरून नाही ओढली, जुन्या वाकड्या धुऱ्यावरूनच ओढली. खांब आधीच होते म्हणे.

आता हे सगळं मला शब्दकोड्यातल्या दोन रिकाम्या घरांमुळे का आठवावं. कदाचित म्हणून, की बाबा पडल्यापासून बियाणं कोणतं, फवारणीला माणूस कोण, तुरीचे किती तास धरायचे, विम्याचा फॉर्म भरला का, बँकेतून फोन आला तर काय सांगायचं, हे सगळे फोन मला येतात. भाऊ पुण्यात आहे, चांगला आहे, पैसे पाठवतो, पण सालदाराच्या मोबाईलमध्ये नंबर माझा आहे. महाराष्ट्रात १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला, सगळ्या देशाला त्यासाठी २००५ उजाडलं, आणि तरी माझ्या आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली ती चहाचा कप खाली ठेवायच्या आधी, सगळे उभे होते तिथे, तिला पेन देणारेही बाबाच होते. मला त्यांनी अजून पेन दिलेलं नाही. सातबाऱ्यावर माझं नाव चढवायचं असंही म्हणाले नाहीत. नुसतं म्हणतात, "पाहून घेजो." हे 'पाहून घेजो' म्हणजे नेमकं काय, तो की ती, हक्क की ओझं, मी विचारलेलं नाही. कधी कधी एवढा राग येतो की शनिवारी बसस्टँडवरूनच परत फिरावंसं वाटतं. आणि कधी ऑफिसात बसल्या बसल्या आभाळ भरून आलं की मी खिडकीतून पाहते आणि माझ्या डोक्यात वेचणी उरलेली असते, बाजूची बाई विचारते काय गं काय झालं, मी म्हणते काही नाही.

रविवारी दुपारी बाबा म्हणाले, वावरात ने. डॉक्टरांनी खड्ड्यांच्या रस्त्यावरून न्यायचं नाही असं सांगितलं आहे, पण आई स्वतःच उशी घेऊन गाडीत बसली, मग मी काय बोलणार. पांदणीच्या तोंडाशी गाडी थांबवावी लागली, पुढे चिखल. ते वॉकर घेऊन उतरले आणि तिथेच उभे राहिले, तिथून आमचं वावर दिसतं, तूर फुलावर आलेली, पिवळी, मधे पऱ्हाटी, आणि त्या दोन्हींना कापत जाणारी एक बारीकशी गवताची रेघ आणि आंब्याचं खोड. धुरा. आता एक माणूसही त्यावरून नीट चालू शकत नाही, एक पाय इकडे एक पाय तिकडे पडतो. कुंदा माजला होता, आघाडा वाळून चालला होता, तित्तर ओरडत होता कुठेतरी. काका त्यांच्या बाजूनं आले, गमच्याने तोंड पुसत, खर्रा चोळत. बाबांसाठी त्यांनी फवारणीच्या रिकाम्या पिंपावर पोतं टाकलं आणि दोघेही काही वेळ नुसते पाहत राहिले. मग काकांनी विचारलं, "भाऊ, काय म्हन्ते तुमचं कोडं?"

"पेपरवाला म्हन्ते धुरा म्हंजे जबाबदारी," बाबा म्हणाले. "अन् थो नाई म्हने, ती."

काकांनी खर्रा तोंडात टाकला, जिभेने एका बाजूला सारला, धुऱ्याकडे पाहिलं. "बरोबर हाये मंग. बाईसारखी त बसली अकरा साल आपल्या मंधात तोंड फुगवून." आई म्हणाली, भाऊजी, बायकांवर कशाला नेता, तोंड कोणाचं फुगलं होतं ते गावाने पाहिलं आहे. बाबा हसले नाहीत, पण त्यांचं वॉकर थोडं हललं. मग म्हणाले, मला आंब्यापर्यंत जायचं आहे. मी म्हटलं चिखल आहे, काका म्हणाले मी धरतो एका बाजूनं, तू दुसऱ्या बाजूनं धर. मी चप्पल काढली. ती पेपरची घडी बाबांच्या बंडीच्या खिशातून अर्धी बाहेर आलेली दिसत होती, म्हणजे बनियनच्या वर घालतात त्या बंडीच्या, हा शब्दही एकदा कोड्यात देऊन पाहायला पाहिजे कोणीतरी.

दोन पावलं टाकली आणि बाबा थांबले. "तार चालू हाये काय बे?" त्यांनी काकांना विचारलं. काका जीभ चावून मागे फिरले, मशीन त्यांच्या कोठ्यात होती. आम्ही तिथेच उभे राहिलो, ते बंद करून ओरडेपर्यंत.